इस्त्रीवर आलेला आळ

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम ती चौदा वर्षं करत होती. काच अर्धा मिलिमीटर इकडची तिकडे झाली तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. हातातलं काम अर्धवट टाकून उठायची तिला सवयच नव्हती. त्यामुळे त्या शनिवारी घरी तिच्या हातून जे झालं, ते तिला अजूनही आपल्या स्वभावात कुठे बसवता येत नाही.

घरात माणसं तीन. नवरा रस्त्यांची मोजणी करणाऱ्या कंपनीत, तो सोमवारी सकाळी निघायचा तो शनिवारी रात्री उगवायचा. मधले दिवस ती आणि सासरे. सासऱ्यांना अख्खी गल्ली मशीनकाका म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशिनं दुरुस्त केली होती. डोळे मिटून मशीनचं चाक फिरवायचे आणि आवाजावरून सांगायचे, दुखणं कुठे आहे ते. दुकान बंद केल्यावरही ते रोज सकाळी स्वतः शर्टाला कडक इस्त्री करत आणि कुठे जायचं नसलं तरी तो घालून खिडकीशी बसत.

घरात एक जुना कॉम्प्युटर होता. दुपारी तो सासऱ्यांचा. तीन वर्षांपासून ते एका बोटाने एक पुस्तक टाइप करत होते. पुस्तक म्हणजे शिलाई मशीनच्या बिघाडांची जंत्री. क्रमांक, लक्षण, उपाय. पण लिहिणारा माणूस बोलका असल्यामुळे उपायांमध्ये गिऱ्हाइकंही यायची. ‘बिघाड सतरा. दोरा खालून गुंततो. बाई म्हणतात, मी हातसुद्धा लावला नाही. बाईंशी वाद घालू नये. बॉबिन काढावी, आतून केसांची पिन निघेल ती त्यांच्या हातात द्यावी आणि गप्प बसावं.’ असे एकशे त्रेसष्ट बिघाड झाले होते. संध्याकाळी ती दुकानातून आली की ते नवीन बिघाड वाचून दाखवायचे आणि ती हसली की मान वळवून स्वतःही हसायचे.

तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि त्याचा व्हिडिओ कॅमेऱ्याच्या कार्डावर आला. तो तिला घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचा होता. डिस्कवर जागा बख्खळ, तरी कॉम्प्युटर म्हणे, जागा नाही. दुकानातल्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला यातलं कळायचं. त्याने तिला समजावलं, “डिस्कवर फाइली लावून ठेवायची एक पद्धत असते, तिला फाइल सिस्टम म्हणतात. तुमची जुनी पद्धत आहे. तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. नवी पद्धत करून टाका. एका ओळीची कमांड आहे. आतलं काही पुसलं जात नाही.” मग त्याने कागदावर ती ओळ लिहून दिली आणि कागद हातात देता देता म्हणाला, “पण आधी कॉपी घ्या हं. आणि सुरू झाल्यावर मध्ये बंद करू नका.”

शनिवारी तिची अर्धी सुट्टी. जेवणं झाल्यावर ती कॉम्प्युटरपाशी बसली. सासऱ्यांनी दारातून विचारलं, “सूनबाई, माझं लिखाण राहील ना?”

“राहील बाबा. मी आधी कॉपी घेते.”

पेनड्राइव्ह दुकानातल्या ड्रॉवरमध्ये राहिला होता. हे तिला बसल्या बसल्याच आठवलं. सोमवारपर्यंत थांबता आलं असतं. पण रात्री नवरा येणार होता, तिला त्याला लग्न मोठ्या पडद्यावर दाखवायचं होतं, आणि सहकारी म्हणालाच होता की पुसलं काही जात नाही. तिने ती ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं.

काळ्या चौकटीत पांढरी अक्षरं पळाली. मग थांबली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अक्षर हलेना. डिस्कचा दिवा मात्र मधूनच लुकलुकत होता. याच सुमारास आतल्या खोलीत सासऱ्यांनी इस्त्री लावली. वायरिंग जुनं, त्यामुळे इस्त्री लावली की घरातले दिवे क्षणभर मंदावायचे, तसे ते मंदावले आणि पुन्हा नीट झाले. कॉम्प्युटरला काहीही झालं नाही. अक्षरं तिथेच, दिवा लुकलुकतोय. तिने आणखी पाच मिनिटं वाट पाहिली. मग तिचा धीर सुटला. अडकलाय मेला, असं म्हणून तिने कॉम्प्युटरचं चालू-बंदचं बटण दाबलं आणि पडदा काळा होईपर्यंत दाबून धरलं.

पुन्हा सुरू केल्यावर ती डिस्क कॉम्प्युटरला ओळखूच येईना. चार वेळा बंद करून चालू केलं, पाचव्यांदा करायचा धीर झाला नाही.

सासरे इस्त्री केलेला शर्ट हातावर घेऊन बाहेर आले. तिचा चेहरा पाहिला आणि तिथेच थबकले.

“काय झालं?”

“डिस्क दिसत नाहीये.”

ते हळूच म्हणाले, “मी आत्ता इस्त्री लावली. दिवे गेल्यासारखे झाले होते. त्याने तर नाही ना झालं?”

इथे ‘नाही’ म्हणायला तिला काय जड होतं? ती म्हणाली, “असेल.”

एवढंच. ठरवून खोटं बोलावं असं काही तिच्या मनात नव्हतं. शब्द तोंडातून गेला, आणि गेल्यावर तिला जरा हलकंसुद्धा वाटलं. या हलकं वाटण्याचीच पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

“तू कॉपी घेतली होतीस ना?” त्यांनी विचारलं.

“घेतली होती. पण ती नीट उतरलीच नाही.”

सोमवारी ती कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने दोन दिवस ठेवून घेतला. “डिस्कचा अर्धा भाग जुन्या पद्धतीत आणि अर्धा नव्या पद्धतीत अडकलाय,” तो म्हणाला. “मध्येच बंद केला होतात का?” ती म्हणाली, लाइट गेली. तिथेही खोटंच. त्याच्या हाती काही फाइलींचे तुकडे लागले, पण त्यांत नुसती चौकोनी चिन्हं होती. पुस्तकातलं एक वाक्यही धड निघालं नाही. लग्नाचा व्हिडिओ तेवढा कॅमेऱ्याच्या कार्डावर सुखरूप होता. तो तिने आजतागायत पाहिलेला नाही.

तिला वाटलं होतं, सासरे चिडतील, चार दिवस धुसफुसतील, मग निवळतील. ते चिडले नाहीत. त्यांनी इस्त्री खोक्यात घालून माळ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ते चुरगळलेले शर्ट घालू लागले. ती म्हणाली, “द्या, मी करून देते.” ते म्हणाले, “राहू दे. मला कुठे जायचंय?” आणखी एक सवय लागली. कुठलंही बटण दाबायच्या आधी ते विचारायचे. पंख्याखाली घामाघूम होऊन बसायचे आणि ती दिसली की म्हणायचे, “लावू का गं?” पाणी तापवायचं असलं की स्वयंपाकघराच्या दारात येऊन, “तुझं काही चालू नाही ना? लावू का?” आयुष्यभर मशिनं उघडून बसलेला माणूस, स्वतःच्या घरात पंख्यासाठी परवानगी मागत होता. ती “लावा ना बाबा, विचारता काय” म्हणायची.

कधी ती म्हणायची, “इस्त्री काढा हो माळ्यावरून. इस्त्रीने कधी असं होतं का?”

ते म्हणायचे, “एकदा झालं ना.”

त्यापुढे तिची जीभ रेटत नसे. तीन महिन्यांनी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. वाटलं, तो म्हणेल, जा, आत्ताच्या आत्ता बाबांना सांग. तो म्हणाला, “आता कशाला उकरून काढतेस? विसरतील ते हळूहळू.” म्हणजे झालं काय, तर लपवणारं एक माणूस होतं, त्याची दोन झाली. शनिवारी तिघं जेवायला बसत तेव्हा दोघं ताटात बघून जेवत आणि सासऱ्यांना वाटे, पोरं दमलीत.

आठ महिने असेच गेले. एका रविवारी सकाळी शेजारच्या पडदे शिवणाऱ्या बाई आल्या. त्यांचं मशीन अडलं होतं आणि एका मोठ्या घराचे अठरा पडदे द्यायचे होते. “काका, नुसतं येऊन आवाज ऐका. बाकी मी करते.”

ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिला सासऱ्यांचा आवाज ऐकू आला. “नको हो. माझ्या हाताचं आता काही खरं नाही. घरातला कॉम्प्युटर मी बंद पाडला. सुनेने तीन वर्षं मला टाइप करायला शिकवलं आणि मी एका बटणाने सगळं घालवलं. तुमचंही मशीन बिघडवून ठेवीन.”

बाई हिरमुसून गेल्या. दार लागल्याचा आवाज आला. हिने हात धुतले, बोटांमधली कणीक तशीच राहिली, आणि ती बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. नवरा पेपर वाचत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पेपर खाली ठेवला.

“बाबा, इस्त्रीने काही झालं नव्हतं.”

“काय?”

“दिवे मंद झाल्यावरही कॉम्प्युटर चालू होता. नंतर मीच बंद केला. मला वाटलं, अडकलाय. बटण दाबून धरलं मी. आणि कॉपीसुद्धा घेतली नव्हती. पेनड्राइव्ह दुकानात राहिला होता.”

सासऱ्यांनी विचारलं, तेही दुकानात गिऱ्हाइकाला विचारत त्याच सुरात, “किती वेळ थांबली होतीस?”

“पंचवीस मिनिटं. थोडी जास्तच.”

“डिस्कचा दिवा?”

“लुकलुकत होता.”

“म्हणजे काम चालू होतं.”

“हो.”

“हं.” त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या चुरगळलेल्या टोकाने पुसला. “बटण कुणीही दाबतं. मीही दाबलं असतं कदाचित. लिखाण गेलं त्याचंही एक वेळ सोड.” मग त्यांचा आवाज बदलला. “पण आठ महिने मी मला म्हातारचळ लागलाय असं समजत होतो. रात्री झोपताना हात बघायचो मी. आणि तुला माहीत होतं.”

नवरा म्हणाला, “बाबा, तिला फार वाईट वाटत होतं, ती मला म्हणालीही होती...”

“तुलाही माहीत होतं?”

हे विचारून ते उठले आणि आतल्या खोलीत गेले.

पाच दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. मुलाशी फोनवरही बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, ताट उचलून ठेवायचे. पण पंखा लावताना त्यांनी विचारलं नाही. सोमवारी ती दुकानातून आली तर माळ्यावरचं खोकं खाली आलेलं होतं आणि ते शेजारच्या बाईंकडे गेले होते. रात्री जेवायच्या वेळी परतले, नखांत काळं तेल घेऊन.

सहाव्या दिवशी ते तिच्याशी बोलले, ते एवढंच, “वही आण एक. रेघांची. दोनशे पानी.”

“मी टाइप करून देईन, बाबा. तुम्ही सांगा फक्त.”

“नको.”

ते हाताने लिहू लागले. पहिल्यासारखं होत नव्हतं. पन्नास-साठ बिघाड आठवले, पण त्यांतली गिऱ्हाइकं पुष्कळशी निसटली होती. वाचून दाखवणं बंद झालं ते बंदच झालं. ते नसताना तिने एकदा वही उघडली. नुसते क्रमांक, लक्षण आणि उपाय. केसांच्या पिनेची बाई कुठेच नव्हती. तिने वही होती तशी ठेवून दिली.

राग त्यांनी मनात ठेवला नाही, तो जगजाहीर केला. घरी कुणीही आलं आणि पुस्तकाचा विषय निघाला की ते शांतपणे सांगतात, “होतं की लिहिलेलं. एकशे त्रेसष्ट बिघाड. हिने घालवले. कॉम्प्युटर मध्येच बंद केला आणि माझ्या इस्त्रीवर आळ घेतला.” पाहुणे ओशाळून हसतात. नवऱ्याला ते सहन होत नाही. एकदा तो म्हणाला, “बाबा, किती जणांना सांगणार आहात?”

तिनेच त्याला थांबवलं. “सांगू दे त्यांना.”

दर वेळी तिचे कान तापतात. ट्रे हातात असेल तर ती तो टेबलावर ठेवते आणि त्यांचं सांगून होईपर्यंत तिथेच उभी राहते. मग पाहुण्यांना विचारते, साखर किती घालू.