एकोणचाळीस हेल्मेटं

ज्वालामुखीच्या तोंडाशी आलेला माणूस आधी विचारतो, टॉयलेट कुठे आहे. मग विचारतो, आइस्क्रीम कुठे मिळेल. समोर खोल कडा, कड्याखाली हिरवट पाण्याचं तळं, तळ्याच्या काठाने जमीन धूर सोडते आहे, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. जपानमधल्या सेंदाईत शिकत असताना मी दोन हंगाम त्या डोंगरावर रेंजर होते. शहरातून बसने दोन तास लागत. बरोबरीची मुलं चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोनबिनी दुकानांत काउंटरवर उभी राहत. मी डोंगर निवडला, कारण तिथे कुणाला काही विकायचं नव्हतं.

येणाऱ्याला पत्रक द्यायचं, डोक्याला हेल्मेट द्यायचं आणि विषारी वायूची पातळी दाखवणाऱ्या दिव्याकडे लक्ष ठेवायचं, एवढंच काम. हिरवा दिवा पिवळा झाला की भोंग्यावरून ओरडून सगळ्यांना खाली आणायचं. दमा असेल तर पुढे जाऊ नका, वास आला तर ओलं कापड नाकाला धरा, दगड उडाले तर काँक्रीटचे आडोसे कुठे आहेत, हे सगळं पत्रकात चार भाषांत छापलेलं होतं. लोक ते दोन्ही हातांनी घेत, कमरेत वाकत आणि दहा पावलांवर टाकून देत. टाकत मात्र कागदाच्याच डब्यात. वाचायची तसदी नाही, पण कचऱ्याचं वर्गीकरण चोख.

मला याची चीड यायची, कारण मी पत्रकांवर वाढले आहे. आमच्या घरी जेवायचं टेबल पत्रकांच्या घड्या घालण्यासाठी होतं आणि आम्ही जेवायला जमिनीवर बसायचो. बुवाबाजी, हुंडा, जात, रेशनचा हक्क, सगळ्यांवर वडील पत्रकं छापत. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. हातात दिलेलं न वाचणारा माणूस माझ्या लेखी माणूसच नव्हता, आणि त्या हिशेबाने दोन हंगामांत डोंगरावर फार थोडी माणसं आली.

आमचे वरिष्ठ रेंजर त्यातले एक. पासष्टीचे असतील. दोन हजार अकराच्या त्सुनामीत त्यांचं समुद्रकाठचं घर गेलं, तेव्हापासून ते डोंगराखालच्या गावात बहिणीकडे राहत. मला ‘गाकुसेई-सान’ म्हणत, म्हणजे विद्यार्थीबाई. साडेचारला फाटक बंद झालं की आम्ही दोघं मिळून हेल्मेटं मोजायचो. वीस त्यांच्या फळीवर, वीस माझ्या, मोठ्याने आकडे म्हणत. देताना नाव लिहून घ्यायचं नाही की अनामत घ्यायची नाही. एक कमी भरलं, याचा अर्थ एक माणूस अजून वर आहे आणि कुणीतरी शोधायला जायचं. पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, कुणी नेलंच तर? ते विचार करून म्हणाले, हो, एकदा झालंय तसं. एक बाई डोक्यावर घालूनच बस थांब्यापर्यंत गेल्या आणि तिथून पळत परत आल्या. चोरीचं उदाहरण म्हणून त्यांनी हे सांगितलं होतं.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, ऑक्टोबरात, तोक्योच्या कोतो भागातून मराठी मंडळींची एक बस आली. बँकेतले, कंपन्यांतले, आयटीतले लोक सहकुटुंब. बसमधून पुरीभाजीचा वास उतरला आणि त्यामागून सहलीचे म्होरके उतरले. पन्नाशीचे, बँकेत मोठे अधिकारी. मी मराठी बोलते म्हटल्यावर त्यांनी मला ताबडतोब बाळा केलं. नाव विचारलं. मी सांगितलं.

“नुसतं नाव काय, आडनाव सांग ना.”

आम्ही लावत नाही, म्हटलं. “बरं बरं, कळलं,” म्हणाले आणि बायकोकडे पाहून मान हलवली. सात समुद्र ओलांडून धुमसत्या डोंगरावर उभा असलेला हा माणूस अजून माझी जात चाचपत होता. नंतर कड्यालगतच्या दोराच्या पलीकडे सोड म्हणाले, फोटोपुरतं. मी नाही म्हटलं.

“पाच मिनिटं गं. आपल्याच माणसांना काय नियम सांगतेस?”

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी त्याचा पंखा केला. मग हेल्मेट घालून, कमरेवर हात ठेवून फोटो काढले, आणि मित्रांना सांगितलं की यावर डोंगराचं नाव जपानीत आहे, ऑफिसात टेबलावर काय शोभेल, पुढच्या मीटिंगला हेच घालून बसतो. सगळे हसले. मी चार हात अंतरावर उभी होते. साडेतीनला बस गेली.

साडेचारला माझ्या फळीवर एकोणीस भरली. वरिष्ठांच्या फळीवर वीस. त्यांनी माझी फळी स्वतः मोजली. एकोणीसच. धुकं वर चढत होतं आणि दिवा पिवळा झाला होता.

ते कपाटातून वायूचा मुखवटा काढून पट्टे तपासायला लागले. मला ठाऊक होतं हेल्मेट कुठे आहे. बसच्या पार्किंगचा अर्ज माझ्या डोळ्यांसमोर खिळ्याला टांगलेला होता, त्यावर म्होरक्यांचा मोबाइल नंबर होता. उचलायचं आणि विचारायचं. पण मग वरिष्ठांना सांगावं लागणार की माझ्या देशातल्या माणसाने नेलं. जन्मावरून कुणावर संशय घेऊ नका, हे पत्रक मी दहाव्या वर्षी स्वतः खळ लावून भिंतींवर चिकटवलं आहे, आणि त्या क्षणी मी तेच पुढे केलं. पुरावा काय? गमतीत बोलले असतील. तत्त्व किती उपयोगी पडतं, हे तेव्हा कळलं. खरं तर मला लाज वाटत होती, एवढंच.

“कुणीतरी चुकून नेलं असेल,” मी म्हटलं.

“तसं असलं तर फारच छान,” ते म्हणाले. “बघून येतो.”

पाच मिनिटांत ते धुक्यात दिसेनासे झाले. त्यांची हाक मात्र ऐकू येत होती. कुणी आहे का, कुणी आहे का. वर कुणीच नव्हतं, आणि तो म्हातारा थांबून थांबून उत्तराची वाट पाहत होता. हाक मारायला मुखवटा खाली ओढावा लागतो; मग हाकेच्या मधे खोकला ऐकू यायला लागला. तेव्हा कुठे मी फोन उचलला.

म्होरके महामार्गावरच्या थांब्यावर चहा पीत होते. मी हेल्मेटाचं विचारलं.

“आहे ना माझ्याकडे. अगं, ढीगभर पडलीत तुमच्याकडे.”

“काका, एक माणूस वर गेलाय.”

“कशाला?”

“तुम्हाला शोधायला.”

पलीकडे कुणीतरी जपानीत चहाचे नंबर पुकारत होतं. “आम्हाला कशाला शोधायचं?” ते म्हणाले. “आम्ही तर बसने निघालोसुद्धा. सांग त्यांना, कुरिअर करतो.” त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. कळावं म्हणून मी पुन्हा सांगितलंही नाही, फोन ठेवला.

वॉकीटॉकीवर मी वरिष्ठांना सांगितलं की हेल्मेट सापडलं, एका भारतीय पाहुण्याने नेलं. मग, थांबले असते तर राहूनच गेलं असतं म्हणून, घाईने सांगितलं की तुम्ही निघालात तेव्हाच मला कळलं होतं.

“म्हणजे वर कुणी नाही?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

ते उतरून आले तेव्हा डोळे लालभडक झाले होते. नळाखाली चेहरा धरून कितीतरी वेळ उभे राहिले. मी टॉवेल दिला, माफी मागितली. त्यांनी टॉवेल घेतला आणि टॉवेलबद्दल वाकून आभार मानले.

तीन दिवसांनी पार्सल आलं. फुग्यांच्या प्लास्टिकात नीट गुंडाळलेलं हेल्मेट आणि बिस्किटांचा महागडा डबा. जपानात राहून साहेब एवढं शिकले होते. चिठ्ठी नव्हती. वरिष्ठांनी एक बिस्किट खाऊन चांगलं आहे म्हटलं, हेल्मेट पुसून माझ्या फळीवर ठेवलं. साडेचारला मी फळीपाशी उभी राहून ‘एक’ म्हटलं, तेव्हा ते अतिशय नम्रपणे म्हणाले, “गाकुसेई-सान, तुम्ही फाटकाचं कुलूप बघून याल का?”

मी गेले. परत आले तोवर त्यांनी दोन्ही फळ्या मोजल्या होत्या. हंगाम संपेपर्यंत रोज साडेचारला मला कुलूप बघायला जावं लागलं.