तेलात पाहिलेलं तोंड

"मागं वळून बघू नगं. सरळ जा," मालकांनी ओसरीवरून सांगितलं. माझी चुलती सारजाकाकी डोक्यावर ज्वारीचं गाठोडं आणि हातात तेलाची वाटी घेऊन मागच्या दारानं निघाली. ती कोपऱ्यापर्यंत पोचली नव्हती तोच ती उभी होती त्या जागेवर मोलकरणीनं शेणपाणी ओतलं. काकीला ऐकू गेलं असणार.

तिला तिथं आणणारा मी.

बाहत्तरचा दुष्काळ. काष्टीच्या पलीकडं आमचं गाव. मी मालकांचा सालगडी, पंचविशीतला, दोन पोरांचा बाप. मालकांच्या आईला धाप लागलेली. औषध लागू पडेना. भटजींनी शनीचं दान सांगितलं. म्हातारीनं काशाच्या वाटीतल्या तेलात तोंड बघायचं आणि ते तेल, काळं कापड, उडीद, ज्वारी गरिबाला द्यायची. घेणाऱ्याबरोबर पीडा जाते, असं सगळेच मानत. मीही. म्हणून आमच्या मांगवाड्यात चुली थंड असून घ्यायला कुणी तयार होईना. मालक मला म्हणाले, "तुझ्या लोकांतलंच बघ कुनीतरी. मागंपुढं कुनी नसलेलं."

काकी विधवा, मूलबाळ नाही. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलेलं. तिनं विचारलं, "ह्यात काय वंगाळ न्हाई ना रं बाबा?"

"न्हाई काकी. दुष्काळात मालक धरम करत्यात."

संध्याकाळी तिनं त्यातली दोन शेर ज्वारी माझ्या पोरांसाठी आणून दिली. पोरं उपाशी होती. काकी वळताच मी ज्वारी उकिरड्यात पुरली. तिला मात्र तू खाऊ नकोस म्हणालो नाही. ती घरी जाऊन जेवली.

आठ दिवसांत गावाला कळलं. रस्त्याच्या दुष्काळी कामावर काकीबरोबर बायका खडी फोडायला बसत. "सारजे, तुझा शनी घिऊन तिकडं बस," असं हसत हसत सुरू झालं. मग हसणं थांबलं. तिच्या हातची पाटी कुणी घेईना. पाण्याच्या रांगेत तिच्यामागं कुणी उभं राहीना. मुकादमानं तिचं काम बंद केलं. ती माझ्या दारात आली. बायकोनं कडी लावली तेव्हा मी आत होतो. काकी बाहेरून एवढंच म्हणाली, "तुला ठावं हुतं व्हय रं?"

मी कडी काढली नाही.

दोन महिन्यांत ती गेली. लोक म्हणाले, पीडेनं गेली. खरं तर ती भुकेनं गेली. आम्ही तिचं काम तोडलं, पाणी तोडलं, म्हणून गेली.

पाठोपाठ मालकांच्या भावानं अंथरूण धरलं. मालकांनी मला बोलावलं. वाटी तयार होती. मी काकी गेल्याचं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"म्हंजे दान लागू पडलं. पीडा तिच्यासंगं गेली. आता दुसरं मानूस बघ."

ह्या घराला मरण ठेवायला जागा लागत होती आणि ती जागा मी शोधून देत होतो.

"मालक," मी म्हणालो, "तेलातलं तोंड तुमच्या घरचं हाय. तुमच्याच घरात ठिवा."

त्याच दिवशी काम सुटलं. नगरला येऊन हमाली केली.

पण खरं कुणालाच सांगितलं नाही. पोरांना सांगत आलो, मालकांनी काकीला फसवलं. आता मालकांच्या नातवांनी देवळापुढं सभामंडप बांधलाय. घराण्यानं दुष्काळात केलेल्या दानधर्माचा फलक लागणार आहे. जुना गडी म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावलंय.

उपाशी माणसाला द्यावं, हे मी आजही मानतो. पण स्वतःच्या पोराच्या ताटात जे वाढायला आपण धजत नाही, ते दुसऱ्याच्या पदरात टाकलं तर त्याला दान म्हणू नये. मालकांनी ते केलं. मीही केलं.

मी जाणार आहे. सारजाकाकीचं नाव घेणार. ती ज्वारी कुणी दिली, कुणी घ्यायला लावली आणि कुणी पुरली, ते सांगणार. माईक बंद केला तर तसाच बोलेन. माझी पोरं पुढंच बसलेली असतील. त्यांनी माना खाली घातल्या तरी मी थांबणार नाही.