दुधाचा डबा आणि लोखंडी ताटल्या

बिष्णूचा फोन आला तेव्हा माझे हात तांदळाच्या पिठात होते. शुक्रवार, सकाळचे अकरा. बिष्णू म्हणजे इथं कतारात माझा मामू ज्या इज्ब्यावर काम करायचा तिथला नेपाळी ड्रायव्हर. कोपरानं स्पीकर चालू केला. “दीदी, चाचा गिर गया. उठ नहीं रहा,” एवढंच बोलला आणि रडायला लागला. मागं कुणीतरी अरबीत ओरडत होतं, गाड्यांची दारं आपटत होती. मी विचारलं, कुठं पडला? म्हणाला, कुंपणाच्या पार टोकाला, हरणाच्या मागं... त्यापुढं मला काही विचारावं लागलं नाही.

कागदावर नैसर्गिक मृत्यू लिहिलंय. मय्यत इथंच झाली, अम्मीनं आपल्या थोरल्या भावाचं तोंड रत्नागिरीत बसून फोनवर पाहिलं. आता दहा आठवडे झालेत आणि भेटेल तो म्हणतो, अल्लाची मर्जी. असेल. तिच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण सहा लोखंडी ताटल्यांशी आहे, त्या टांगणाऱ्यांशी आहे, आणि थोडं माझ्याशीही आहे.

दाऊदमामू चौथीपर्यंत शिकलेला. लहानपण बकऱ्यांमागं गेलं, तरुणपणी कतारला आला आणि इथंही जनावरांतच रमला. इज्बा म्हणजे वाळवंटातलं मालकाचं जनावरांचं ठाणं: पुढं उंट, बकऱ्या, दोन पत्र्याच्या खोल्या, आणि मागं नजर पोचणार नाही एवढी कुंपण घातलेली जमीन. त्या जमिनीत रीम होते. रीम म्हणजे वाळूच्याच रंगाचं, बकरीएवढं हरण. बाहेर मोकळ्या रीमला हात लावायला बंदी आहे. हे मालकानं स्वतः वाढवलेले, आणि वाढवलेले म्हणजे खरं तर मामूनं वाढवलेले. आई मेलेली पाडसं त्यानं बाटलीनं दूध पाजून जगवली. संध्याकाळी चारा टाकायच्या वेळी तो दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घ्यायचा आणि जुन्या पान्यानं तीनदा वाजवायचा. टण्, टण्, टण्. गावी माझी नानी बकऱ्यांना अशीच बोलवायची. डबा वाजला की टेकाडामागून कान वर यायचे, मग शिंगं, मग सगळा कळप. “तो म्हातारा नर बघ गो बाय,” मामू मला सांगायचा, “तुझ्या ऑफिसातल्या मॅनेजरासारखा. सगळ्यांच्या मागनं येतो नि पयला खातो.”

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मामूनं ही गोष्ट बिष्णूला सांगितली, मालकाला सांगितली, उंटांच्या डॉक्टरला सांगितली, आणि उंटांनाही सांगितली असावी. “ही माझी भाची, बी.कॉम. हाय. दोह्यात, मुशैरिबला एसीत बसून इंग्रजी चिठ्ठ्या लिहिते.” मीही ते ऐकून ताठ व्हायचे, खोटं कशाला बोलू?

शिकार वर्षातून एकदा व्हायची, थंडीत. मोठा अरबाब, म्हणजे म्हातारा मालक, स्वतः करायचा. त्याची रीत मामूला फार पटायची. शिकारीच्या आधी तीन आठवडे कुंपणाच्या आत गाडी न्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, फटाका नाही, गोळी तर नाहीच. मग एका पहाटे दोघं पायी निघायचे, वारा तोंडावर घेऊन. मामू म्हातारा, थकलेला नर दाखवायचा. हरणं निवांत चरत असायची, जवळ जाता यायचं. एकच गोळी. मामू सुरी घेऊन पुढं व्हायचा, बिस्मिल्ला म्हणून गळा कापायचा, आणि मोठा अरबाब त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहायचा. मला रक्त बघवत नाही, पण त्या दोघांच्या शिकारीत नीच असं काही नव्हतं.

मग मोठा अरबाब अंथरुणाला खिळला आणि कारभार धाकट्याकडं, त्याच्या मुलाकडं, आला. धाकट्याला नेमबाजीचा नाद. त्यानं पाणवठ्यापासून थोड्या अंतरावर लोखंडी खांब रोवले, त्यावर साखळ्यांनी सहा ताटल्या टांगल्या, आणि दर शुक्रवारी दोस्तांना घेऊन यायला लागला. गोळी लागली की ताटली वाजायची. टण्. मी एकदा तिथं होते. पहिली गोळी सुटली तशी हरणं उधळली, एक गाभण मादी कुंपणाच्या जाळीत शिंग अडकवून बसली आणि मामू तिला सोडवायला दोन तास तिथं ओणवा. संध्याकाळी त्यानं डबा वाजवला. टेकाडामागून कान वर आले... आणि गेले. पुन्हा वाजवला. काही नाही. मामूनं डब्याकडं असं पाहिलं, जसं माणूस आपल्याच घरच्या दाराकडं पाहील, किल्ली लागेनाशी झाल्यावर.

त्यानंतर हरणं पार दूरच्या कोपऱ्यात राहायला लागली. पाण्यावर यायची ती अंधार पडल्यावर. गाडीचं दार वाजलं तरी पळायची. मामूनं धाकट्याला सांगून पाहिलं. धाकटा तसा तोंडाचा गोड. “चाचा, आदत हो जायेगा. मुश्किल नहीं,” म्हणाला आणि त्याच्या हातात खजुराचा बॉक्स दिला. मामू मला म्हणाला, “आदत झालीच हाय की. पळायची. ताटली जागची हलत नाय बाय, म्हणून त्यास्नी वाटतं, आपला नेम बसला. हरान काय साखळीला टांगलेला हाय?”

म्हणून चिठ्ठी लिहायचं ठरलं. इंग्रजीत लिहिलं की धाकटा वाचेल, अशी मामूची समजूत. माझ्या स्वयंपाकघरात बसून तो बोलत गेला आणि मी वहीच्या पानावर मराठीत उतरवत गेले. ताटल्या तिथून काढून दुसरीकडं न्या. शिकारीच्या आधी तीन आठवडे जमीन शांत ठेवा, तुमचे वडील ठेवायचे तशी. शेवटी त्यानं आणखी काही सांगितलं. मग मी इंग्रजी करायला बसले, आणि ऑफिसात रोज करते तेच केलं. वर ‘काइंडली’ घातलं. ‘दुसरीकडं न्या’चं ‘विचार व्हावा’ केलं. आणि त्याचं शेवटचं बोलणं गाळलं. मी म्हणाले, “मामू, हे असं लिहिलं तर व्हिसा कॅन्सल करून घरी पाठवतील तुला.” “शिकलेली तू. तुला कळतं तसं लिव,” तो म्हणाला. चिठ्ठी इतकी सभ्य झाली की वाचणाऱ्याला घाबरायचं कारणच उरलं नाही. धाकट्यानं ती वाचली, माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं आणि म्हणाला, इन्शाल्ला.

पुढचं बिष्णूनं सांगितलंय. शिकारीच्या आदल्या दिवशीसुद्धा पाहुणे ताटल्यांवर हात साफ करत होते. सकाळी हरणं कोपऱ्यातून हलेनात, तेव्हा धाकटा म्हणाला, चाचा, डब्बा बजाओ. मामू नको म्हणाला. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यानं वाजवला. अख्खा कळप उठून पळत सुटला आणि एका पाहुण्यानं त्या पळत्या कळपात गोळी घातली. एका मादीच्या पोटात लागली. ती तशीच पळाली. पाहुणे हसत होते. “छोड़ो चाचा, खलास, दूसरा मारेंगे.” मामूनं सुरी घेतली आणि रक्ताच्या मागावर निघाला. चालत नाही, धावत. जखमी जनावर टाकून तो कधी परतला नव्हता आणि ती मादी मुडदार, म्हणजे हलाल न होता मेलेली, होऊ द्यायची नव्हती. बिष्णू गाडी घेऊन मागं गेला तोवर उशीर झाला होता. मादीचा गळा व्यवस्थित कापलेला होता. सुरी वाळूत पुसून बाजूला ठेवलेली. शेजारी मामू, कुशीवर. त्यानं आपलं काम पुरं केलं होतं; अर्धवट सोडलं होतं ते बाकीच्यांनी.

त्याचं सामान आणायला गेले तर एका पिशवीत मावलं. धाकटा भेटला, डोळे पुसले त्यानं, अश्रू खोटे नव्हते. म्हणाला, चाचा बाबा जैसा था. मी विचारलं, ताटल्या कधी काढणार? तो फोनकडं पाहायला लागला. गेल्या शुक्रवारीही वाजत होत्या, बिष्णूनं सांगितलं.

डबा मी आणला. स्वयंपाकघरात ओट्यावरच्या फळीवर ठेवलाय. पान्यानं मारून मारून एका बाजूला खोलगट झालाय, तिथं अंगठा बरोबर बसतो. मी तो वाजवत नाही. त्यात वहीचं ते पान ठेवलंय, आणि परवा त्यातलं गाळलेलं बोलणं इंग्रजी करून धाकट्याला पाठवलं. ‘काइंडली’ न घालता. उत्तर आलेलं नाही. मूळ मराठी असं आहे, मामू बोलला तसंच, माझ्या अक्षरात, त्यावरून मी मारलेल्या रेघेसकट: “ताटल्या वाजत राहिल्या तर हरणा थांबायची नाय. थांबली नाय तर कोणतरी पळत्यावर गोळी घालील, नि जखमी जनावराच्या मागं मना धावावं लागंल. माझं वय आता धावायचं नाय.”