‘कायम’च्या पुढचा शब्द

त्या दिवशी हदगावच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात चौघं व्हतो. क्लार्क बाबूराव, केमिस्ट्रीच्या सुनंदा मॅडम, बीएस्सीची रुक्साना, आन् मी शिपाई गयाबाई. सायन्सची मान्यता तवर सालापुरतीच व्हती, त्यापायी प्रिन्सिपल सर नांदेडच्या ऑफिसात गेलते.

फोन आला. रेंज न्हवती. बाबूरावनं एक कान दाबून ऐकलं.

“काय म्हनले सर?”

“मान्यता भेटली म्हनले. कायम. पुढं कट झाला.”

कायम म्हंजे काय ते आमाला कुनी शिकवायची गरज न्हवती. मी चौथी शिकलेली. मालक वारले, पदरात दोन लेकरं, मी कॉलेजात रोजंदारीवर झाडू धरला. त्या बखताला सरकारला तालुक्याला कॉलेज पायजे व्हतं. आर्टला अनुदान दिलं, म्हंजे पगार सरकारचा. त्या लाटंत मी बी कायम झाले. सुनंदा मॅडम एमएस्सी, पन तासिकेवर. जेवढे तास शिकवलं तेवढंच भेटायचं. सुट्टी लागली की चूल गार. बाबूराव म्हनायचा, “मॅडम, उगं शिकलात. चौथीत थांबायचं व्हतं, गयाबाईसारखं.”

मॅडमला लातूरच्या एका क्लासवाल्यानं बोलावलं व्हतं. हाव का न्हाई ते त्याच दिवशी सांगायचं व्हतं. त्या गेल्या आसत्या तर लॅबला कुलूप. रुक्सानाचा बाप तिला एसटीनं हदगावला धाडायचा, लातूरला राहायला धाडनार न्हवता. म्हनून ती तास सोडून ऑफिसात उभी.

मॅडमनं तिथूनच लातूरला फोन लावला. “माझं हितंच झालं. मी येत न्हाई.”

रुक्साना म्हनली, “मॅडम, आता पळायला वाट न्हाई तुमाला.”

मी चहा ठेवला. साखर लई टाकली.

सांजच्याला सर एसटीतून उतरून आले. मी कप पुढं केला.

“कशाचा चहा हो, गयाबाई?”

“कायम झाल्याचा.”

सर खुर्चीत टेकले. बाबूरावकडं पाहिलं. “आरं, मी ‘कायम विनाअनुदानित’ म्हनलो.”

“म्हंजे वो?” मी इचारलं.

“म्हंजे शिकवायला परवानगी हाय. अनुदान न्हाई. आज न्हाई, उद्या बी न्हाई. ते न देनं कायम हाय.”

बाबूराव म्हनला, “मंग सरकारला सायन्स पायजे का नको?”

“पायजे की. फुकट पायजे.”

मॅडमनं पुन्हा लातूरला फोन लावला. जागा भरली व्हती. त्या लॅबच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथं चहा नेला.

“मॅडम, रडायचं तर चहा पिऊन रडा. मालक गेले तवा म्या बी रडले, पन झाडू हातात धरूनच.”

त्यांनी कप संपवला. म्हनल्या, “मावशी, बर्नरला स्पिरिट हाय का बघा. उद्या रुक्सानाचं प्रॅक्टिकल हाय.”

स्पिरिट व्हतं. प्रॅक्टिकल झालं.

पुढं सरकारं बदलली. एका सरकारला कॉम्प्युटर पायजे व्हता, दुसऱ्याला कौशल्य. खोली तीच, पाटी तेवढी नवी. ती टांगायला स्टुलावर मीच चढायची. आर्टचे कायम सर एकेक रिटायर झाले. त्यांच्या जागा भरल्या न्हाईत, तासिकेवरची पोरं आली. मी रिटायर झाले तवा माझी बी जागा खालीच राहिली.

मॅडम अजून तासिकेवरच हायेत. पन लॅब उघडी हाय. रुक्साना इस्लापूरच्या दवाखान्यात रक्त तपासून राहिली. मागं माझं बी तपासलं, पोरीचा हात लई हलका हाय.

मी शिकले ते एवढंच. सरकारचा शब्द ऐकायचा तर पुरा ऐकावा, मंग चहा ठेवावा.

आन् वाचनाराला एक मागनं हाय. पोरीला कॉलेजात घालतानी इमारत पाहू नका. शिकवनारं मानूस कायम हाय का, ते ऑफिसात जाऊन इचारा. क्लार्क ‘कायम’ म्हनला, तर लगेच उठू नका. जरा बसा.