ठमाबाईच्या काळजातला किडा

पाठीवर टाकी, हातात नळी घेऊन तो गल्लीत शिरला की पोरंसुद्धा ओळखायची, झुरळवाले आले. झुरळ, ढेकूण, वाळवी, कुणाचीच गय नाही. काम झालं की तो कपाटावर टकटक करायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "संपले. परत दिसले तर फुकट येईन." तशी वेळ कधी आली नव्हती, आणि याचा त्याला जरा जास्तच तोरा होता.

स्वतःच्या घरात मात्र त्याने कधी फवारा मारला नाही. ते औषध मांजरांना बाधतं, आणि घरात ठमाबाई होती. लेकाने सून आणायची सोडून मांजर आणलं, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. कामाचे कपडे तो जिन्यातच उतरवायचा, अंघोळ झाल्याशिवाय ठमाबाईला हात लावायचा नाही. घरात डास झाले तरी तो आपला खाजवत बसायचा.

मग ठमाबाई खोकायला लागली. मान लांब करून, पोट आत ओढून. आधी सगळ्यांना दमाच वाटला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि पडद्यावर बोट ठेवलं. काळजाजवळच्या रक्तवाहिनीत दोऱ्यासारखा एक जंत होता. "डासामुळे होतं हे. आधी एखाद्या कुत्र्याला चावला असेल, मग हिला."

डास म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "मग मारून टाका ना त्याला. औषध असेलच की."

"आहे, पण कुत्र्यांचं. मांजराला सोसत नाही. आणि तो एकदम मेला, तर त्याच्याबरोबर हीही जाऊ शकते. म्हातारा होऊन आपोआप मरेपर्यंत वाट बघायची. दोन-तीन वर्षं लागतील. धापेसाठी गोळ्या देते."

"आणि मरेल तेव्हा?"

"तेव्हाचंही काही सांगता येत नाही," बाई हळूच म्हणाल्या.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. "साऱ्या गावाचे किडे मारतोस, आणि घरातला एक मारता येईना?" तो टोमणा नव्हता. तिचेही डोळे भरले होते.

संध्याकाळी ठमाबाई मांडीवर झोपली. तो वाकला आणि सवयीने तिच्या कुशीला कान लावला. आत धडधड चालू होती. त्या धडधडीशेजारी तो जंत बसलेला होता, आणि याच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं.

"राहा बाबा तिथेच," तो पुटपुटला. "मरायची घाई करू नकोस."