पोटात की पोटावर

डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं माझं पोट उचललं आणि सोडलं. ते हललं. भोवती उभी असलेली शिकाऊ पोरं-पोरी हसली.

"बघा," डॉक्टर त्यांना म्हणाले, "ही चरबी नुसती पडून नसते. आत सूज तयार करते."

मला काहीच म्हणाले नाहीत. मी म्हणजे त्या पोटामागचा माणूस. शर्ट वर धरून उभा. मीही हसलो. मी आर्वीत ऑटो चालवतो. पुढच्या सीटवर माझ्याशेजारी शाळेचं दप्तर मावत नाही, आणि हा विनोद दुसऱ्या कोणी करायच्या आत मीच करून टाकतो. आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याचं हसणं कमी लागतं, असं मला वाटायचं.

पण त्या दिवशी मी हसलो ते भीत भीतच. माझा मोठा भाऊ माझ्याच अंगाचा. गावी, रोहण्याला, घराच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. बोलता बोलता मान टाकली. संपला. म्हणून पिपरी मेघेच्या एका दवाखान्यात जाड माणसांची फुकट तपासणी आहे असं कळताच मी बायकोला घेऊन तिथं गेलो होतो.

माझं रक्त घेतलं. मग एका शिकाऊ पोरानं बदामाच्या तेलाची बाटली हातात दिली. अशा तेलानं आतली सूज उतरते का, हे ते पाहत होते म्हणे. पोरगा म्हणाला, "रोज सकाळी दोन चमचे." आणि पुढच्या माणसाकडे वळला. दोन चमच्यांचं करायचं काय, ते सांगायचं राहूनच गेलं. मीही विचारलं नाही. पांढऱ्या कोटासमोर माझी जीभ टाळूला चिकटते.

घरी येऊन सूज शोधली. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का पाहिलं. आरशात तोंड पाहिलं. ते सुजलेलंच होतं, पण ते लहानपणापासूनचं. बायको म्हणाली, आतली सूज दिसत नसते. झालं. तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर आतल्या नसा भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या फुगायला लागल्या. ऑटो चालवता चालवता मध्येच थांबून मी छातीवर हात ठेवायचो. सवारी विचारायची, पेट्रोल संपलं का.

तेल भाजीत टाकायचं असेल का, असं मी एकदा बायकोला विचारलं.

"बदामाचं तेल कोनी खाते का?" ती म्हणाली. "लेकराच्या अंगाले चोळते ते. अन् सूज हाय ना? सूज चोळूनच उतरते."

मला पटलं. आमच्याकडे पाय मुरगळला की तेल, गुडघा सुजला की तेल. खायला फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, आणि चोळायला बदामाचं. रोज सकाळी ती तेल कोमट करायची, मी खाटेवर उताणा पडायचो आणि ती जीव लावून माझं पोट चोळायची. शेजारची म्हातारी दारातून डोकावून म्हणाली, "काय व बाई, कितवा महिना हाय याले?"

पुन्हा बायकोला घेऊन दवाखान्यात गेलो, रक्त दिलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या. सूज तेवढीच होती.

"तेल घेता ना रोज?"

"हो सर. रोज चोळतो. बायको चोळून देते."

आधी कोणालाच कळलं नाही. मग असं हसणं फुटलं की बाजूच्या खोलीतली नर्ससुद्धा पाहायला आली. डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "कसं चोळता? दाखवा बरं यांना."

मी दाखवलं. खोटं कशाला बोलू? शर्ट वर केला आणि पोटावर गोल गोल हात फिरवायला लागलो. वाटलं, हे खूश झाले तर चांगलं तपासतील. एका पोरानं मोबाईल वर धरला. मी त्याच्याकडे पाहूनही हसलो.

मग बायकोकडे नजर गेली. ती भिंतीला टेकून उभी होती. हसत नव्हती. तिनं दोन्ही हात पदराखाली लपवले होते.

मी शर्ट खाली केला.

"काऊन थांबले?" मोबाईलवाला पोरगा माझीच बोली वापरून म्हणाला. परत हशा.

"मी नाई दाखवत," मी म्हणालो. "तो व्हिडिओ पुसा."

डॉक्टर म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, पोरं आहेत, गंमत करतात. आणि असंच वागणार असाल तर तुम्हाला तपासणीतून काढावं लागेल. काढलं तर पुढं कुठं जायचं, मला ठाऊक नव्हतं.

"काढा. पन सर, मी भ्यालो हावो. माहा भाऊ असाच गेला. ते दोन चमचे पोटात घ्याचे का पोटावर, एवढं कोनी सांगतलं असतं त आज तुमाले हसाले काही सापडलं नसतं. व्हिडिओ पुसल्याबिगर मी इथून हालत नाई."

स्टुलावर बसलो. स्टूल करकरलं. या वेळी कोणी हसलं नाही. पोरानं माझ्यासमोर व्हिडिओ पुसला. डॉक्टरांनी तेलाची बाटली परत मागितली आणि माझं नाव काढून टाकलं.

सूज अजून आतच आहे. मरणाची भीतीही आहे, रोज आहे. उद्या आर्वीच्या सरकारी दवाखान्यात नंबर लावणार आहे. दंड उघडा करीन, सुई टोचून घेईन. शर्ट वर करायला सांगतील, तेव्हा आधी विचारीन, काऊन? जीभ अडखळली तरी विचारीन. उत्तर मिळालं नाही तर बटणं लावून उभा राहीन. पण जागेवरून हलणार नाही.