देवीच्या तोंडावर बसलेलं विजेट

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण पुढं पाण्याचं बोलायचंय आणि मला अजून तिथंच राहायचंय. आमच्या गल्लीला नळाचं पाणी साधारण आठ दिवसांतून एकदा येतं. ह्या वाक्यात 'साधारण' हा शब्द सगळ्यात वजनदार आहे. मोटर जळाली, पाइप फुटला, लाईट गेली की आठाचे अकरा होतात. त्यामुळं आमच्या गल्लीतल्या बायकांना कुठं बाहेर जायचं असलं की त्या आधी नळाकडं बघतात आणि मग नवऱ्याकडं.

माझी आई तर दोन वर्षं सख्ख्या बहिणीकडं गेली नव्हती. मावशी सोनारीला असते, परंड्याजवळ. जायचं तर दोन एसट्या आणि एक काळीपिवळी जीप. मावशीचे गुडघे गेलेले, दिसतंही कमी, त्यामुळं ती इकडं येणं शक्य नव्हतं. आई दर फोनवर सांगायची, एवढं पाणी भरून घेते आणि येते. पाणी यायचं, भरलं जायचं, आई घरातच असायची.

मी घरून काम करते. पुण्याच्या एका कंपनीसाठी मोबाइलची अ‍ॅप बनवते. घर म्हणजे मधल्या खोलीतलं एक टेबल, त्यावर लॅपटॉप आणि माझ्या कानावर हेडफोन. एकदा आई तासाभरासाठी बाजाराला गेली आणि जाताना मला म्हणाली, नळाकडं ध्यान असू दे. ती परत आली तेव्हा नळ येऊन गेला होता आणि मी कुणाला तरी बटणाचा निळा रंग पटवून देत होते. पुढचे आठ दिवस आम्ही शेजारच्या बोअरवर बादल्या घेऊन उभ्या. आई एका शब्दानं बोलली नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शहाण्या बाईनं ह्यावर कान उघडे ठेवले असते. मी अ‍ॅप बनवायला घेतलं.

तसं ते अवघड नव्हतं. आमच्या भागात पाण्याचे आठ व्हॉल्व्ह. ते उघडण्याचा क्रम ठरलेला, फक्त दिवस मागंपुढं होतात. पाणी सोडणाऱ्या काकांना मी विनंती केली की चावी फिरवली की ह्या बटणावर बोट लावायचं. त्यांनी आधी विचारलं, मी कुठं हाय ते साहेबाला कळतं का ह्याच्यात. नाही म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. त्यांनी बोट लावलं की प्रत्येक गल्लीला आपला नंबर यायला किती पाळ्या उरल्या तो आकडा दिसायचा. शून्य म्हणजे आज पाणी. पाणी येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी सात.

पण आमच्या गल्लीत अ‍ॅप कोण उघडणार? अ‍ॅप उघडायचं म्हणजे ते आधी सापडायला पाहिजे. म्हणून ठरवलं की फोन चालू केला की समोरच आकडा दिसावा, म्हणजे होम स्क्रीनवर विजेट, अ‍ॅप न उघडता दिसणारी एक डबी. आणि इथून माझे दिवस फिरले.

विजेटचं असं असतं की आपण सांगायचं, मला एवढी जागा लागते, आणि फोन स्वतःच्या मनानं देणार. होम स्क्रीनवर न दिसणारे चौकोन आखलेले असतात. एका फोनवर आडवे चार, दुसऱ्यावर पाच. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीला कमीत कमी रुंदी सांगायची, चौकोन किती ते तीच ठरवते. नव्या आवृत्तीला थेट चौकोन सांगता येतात, पण ती सगळे कोपरे गोल करून टाकते. वर प्रत्येक कंपनीची होम स्क्रीनची आपापली रीत. माझ्या लॅपटॉपवर ते विजेट नव्या नवरीसारखं नीट बसलं होतं.

गल्लीत गेल्यावर त्याची वरात निघाली. समोरच्या निवृत्त गुरुजींनी फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. त्यांना 'पाणी'मधला फक्त 'पा' दिसायचा, आकडा पार खाली कापला गेलेला. पलीकडच्या वहिनींच्या फोनवर गोल कोपऱ्यानं सगळ्या वेलांट्या छाटल्या. कोपऱ्यावरच्या घरातला मोठा भाऊ नळदुर्गला ढाबा चालवतो. त्यानं घरची काळजी म्हणून ते गल्ल्यावरच्या टॅबवर टाकलं. तिथं त्याचा आकार एवढा झाला की वेटर पोरं टेबल नंबर समजून पाच नंबरला रोट्या नेऊन ठेवू लागली. नाचता येईना अंगण वाकडं असं मला कुणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं, कारण इथं अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि प्रत्येक घरचं वेगळ्या बाजूला.

हे सगळं मी सोसलं. आईचा फोन मात्र सोसवेना.

आईच्या फोनवर तुळजापूरच्या देवीचा फोटो आहे. देवीच्या अंगावर काही नको म्हणून तिनं सगळे आयकॉन काढून टाकलेत. खाली पायाशी एक फोन करायचं चिन्ह तेवढं आहे, तेही सेवेकरी असल्यासारखं. मी सुचवलं, विजेट दुसऱ्या पानावर ठेवू. तर दुसऱ्या पानावर गेलं की मागचा फोटो जरासा सरकतो. देवीला बाजूला सारायचं आणि पाणी बघायचं हे आईला मान्य नव्हतं. तिला दुसरं पानच नको होतं.

म्हणून मी डबी लहान केली. एक बाय एक, नुसता आकडा, वरच्या उजव्या कोपऱ्यात. आईचा फोन म्हणजे माझाच जुना फोन, आत जुनी आवृत्ती. त्या आवृत्तीनं माझ्या एका चौकोनाचे दोन केले आणि डबी मुकुटावर चढली. मी रुंदी कमी केली. तरी दोन. अजून कमी केली, तेव्हा एक झाली, पण आकडा मावेना. मग मी आकडाच बारीक केला. आईनं चष्मा लावून, फोन लांब धरून, जवळ धरून बघितलं. देवीच्या छत्रालाही धक्का लागत नव्हता. चालतंय, म्हणाली. कंपनीत बढती मिळाली तेव्हासुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आता आईला दिवस कळायला लागला होता. मी वाट बघत होते की ती पिशवी भरेल आणि सोनारीला निघेल. सात आले, सहा आले, पाच आले. आई गहू निवडत बसली. मी मनातून भडकले होते. एवढं करून दिलं, आणि बाई हलत नाही.

तेवढ्यात फोननं एका सकाळी स्वतःहून अपडेट घेतलं. आडव्या पाच चौकोनांचे चार झाले, सगळं आपापल्या जागेवरून हललं, आणि माझी डबी सरकत जाऊन नेमकी देवीच्या तोंडावर बसली. नथीच्या जागी 'चार'. आईनं काय केलं असेल? डबी दाबून धरली आणि वर नेऊन टाकून दिली. संध्याकाळी मला कळलं तेव्हा मी म्हटलं, मला हाक मारायची, मी बाजूला घेतली असती.

"तोवर देवीनं काय आकडा तोंडावर घेऊन बसायचं?" आई म्हणाली.

मी म्हटलं, मग पाणी कधी येणार हे तुला कसं कळणार. त्यावर ती गहू पाखडता पाखडता म्हणाली, "कधी येणार ते कळालं गं. भरणार कोण, ते कुठं दिसतंय तुझ्या डबीत?"

मी रागावले आणि मधल्या खोलीत जाऊन बसले.

ह्या सगळ्यात मावशीचे फोन सुरू झाले होते. आईनं कधीतरी कौतुकानं सांगितलेलं की पोरीनं पाण्याचं कायतरी केलंय. मावशीनं मागं लागून ते मागवलं, सोनारीतल्या मोबाइलवाल्याकडून फोनवर टाकून घेतलं, आणि आमचीच गल्ली निवडली. तिला आमच्या नळाचं काय करायचंय हे मी विचारलं नाही. भाचीचं आहे म्हणून मिरवत असेल, असं धरून चालले. तिची तक्रार एकच, डबी लई बारीक हाय, मोठी कर. आईला राईएवढी पाहिजे, मावशीला डोंगराएवढी. एकाच आईच्या दोन लेकी.

मी आईच्या धसक्यानं विजेट ओढून मोठं करायची सोयच बंद ठेवली होती. ती सुरू केली. तर मावशीच्या फोनवर डबी मोठी झाली आणि आकडा तेवढाच राहिला, मोकळ्या कणगीत एक दाणा पडल्यासारखा. जुन्या आवृत्तीत अक्षर आपोआप वाढत नाही. मग आकड्याचं चित्र काढून ते ताणायची युक्ती केली. मावशीचा परत फोन, अजून मोठं कर. मी चिडून आईला म्हटलं, एवढा मोठा आकडा बघून ती काय आमच्या नळाला तिथून बादली लावणार आहे का. आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधली आणि मला म्हणाली, जा, तूच बघून ये तिचं काय हाय ते.

मी रविवारी सोनारीला गेले. मावशी उंबऱ्यात बसली होती. मला आवाजावरून ओळखलं, मग चेहरा हातानं चाचपला. दोन वर्षांपूर्वी ती मला लांबून ओळखायची. तिनं फोन पुढं केला. पूर्ण स्क्रीनभर माझी डबी, कडेपर्यंत ताणलेली, तिच्यात हाताच्या पंजाएवढा पाचाचा आकडा. ती फोन डोळ्याला लावून तो वाचत होती. आमच्या गावाला परवा मोटर जळाली होती, म्हणून पाच हलत नव्हता.

मी म्हटलं, मावशी, ह्याच्याहून मोठं होत नाही, फोनच संपला. आणि शून्य कधी येणार ह्याच्यात तुला एवढं काय आहे?

"शून्याचं मला काय करायचंय," मावशी म्हणाली. "मी सात बघत आसते."

मला कळलं नाही. तिनं मग सांगितलं, अगदी भाजी कशी करायची ते सांगावं तशा आवाजात. पाणी येऊन गेलं की तुझी आई मोकळी होते. सात दिसलं की ती आता येईल. सहा दिसलं की आज न्हाय तर उद्या. पाचापर्यंत मी हितं बसते. चार झालं की पुढचं पाणी जवळ आलं, मग ती काय येत न्हाय, मग मी आत जाते.

"आगं, मग फोन करून विचारायचं," मी म्हटलं.

"इचारलं की येते म्हणती. तिला खोटं बोलाया कशाला लावायचं?"

सगळी गल्ली शून्याची वाट बघत होती, आणि इथं एक म्हातारी, डोळे जात चाललेली, दर आठवड्याला साताची वाट बघून तीन दिवस उंबऱ्यात बसत होती. माझी डबी तिला दर आठवड्याला बिनचूक फसवत होती. मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. कापलेल्या वेलांट्यांसाठी मी दोन महिने घातले होते. आईनं विचारलेल्या एका प्रश्नाला मी दोन मिनिटं दिली नव्हती.

मावशीकडं धड जेवलेही नाही. रात्री घरी पोचले. सकाळी कंपनीला आठ दिवसांची रजा कळवली. आईला एवढंच म्हटलं, तू आज निघ, पाणी मी भरते. ती नेहमीची कारणं काढू लागली. मी तिला साताचं सांगितलं. आई हातातल्या फडक्याची घडी घालत राहिली, मोडत राहिली. मग उठली आणि तिनं लुगडी पिशवीत भरली. दुपारच्या एसटीत मीच बसवून आले.

मोटर दुरुस्त झाली आणि सहाव्या दिवशी आमच्या गल्लीला पाणी आलं. मी परकर खोचून रांजण, पिंपं, कळशा, आईची सगळी पातेली भरत होते, निम्मी गल्ली मला बघायला ओट्यावर आली होती. त्यात मावशीचा फोन. आता कशाला मोठं करायचं राहिलंय म्हणून मी ओल्या हातानंच उचलला. पलीकडं आई कुणाला तरी हसत काहीतरी सांगत होती. तिला इतकं मोकळं हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

"पोरी," मावशी म्हणाली, "ते आकड्याचं काढायचं कसं ते सांग. सगळी जागा अडवून बसलंय."